पुळणीची राखण

श्री ग्रामदेवतेच्या कृपेने, गावकर-मानकरी मंडळींच्या कष्टाने आणि मुंबईकर चाकरमानी बंधूंच्या उदार हाताने आपल्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा होऊन कळस चढला, ही आपणा सर्वांच्या आयुष्यातील भाग्याची गोष्ट होय. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत अशी समितीची आज्ञा झाली. देवळाचा पूर्वेतिहास आणि देवस्थानच्या चालीरीती यांविषयी वडीलधारी जाणकार मंडळी लिहीतच आहेत. मी पडलो तालुका कचेरीतला कारकून. माझा संबंध सातबारा, पंचनामे आणि अर्ज यांच्याशी. म्हणून देवळाच्या पुढ्यात जी पुळण आहे तिच्याविषयी, आणि अशा पुळणी राखण्यासाठी सरकारदरबारी व इतरत्र आजवर जे प्रयत्न झाले त्यांविषयी लिहावे असे ठरविले.

या विषयाला कारणही आहे. जीर्णोद्धाराच्या सभा चालू असताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला. समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत येत आहे. एवढा खर्च करून देऊळ बांधले, त्याचे उद्या काय? कोणी म्हणाले, सरकारकडे दगडी बंधारा मागावा. कोणी म्हणाले, बंधारा झाला की होड्या ओढायच्या कोठे आणि रापण लावायची कोठे? दोन्ही बाजूंचे म्हणणे कळकळीचे होते. निर्णय ग्रामसभेने घ्यावयाचा आहे. पण निर्णयापूर्वी मागचा इतिहास सर्वांना ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुळण म्हणजे काय

कोकणच्या किनाऱ्यावर देवस्थाने आणि पुळणी यांची जोडी फार जुनी आहे. कुणकेश्वर, हरिहरेश्वर, वेळणेश्वर ही सारी समुद्राच्या सान्निध्यातील दैवते. गणपतीपुळे या नावातच पुळण आहे असे सांगतात. आपल्याकडेही शिमग्याची पालखी पुळणीवर जाते, नारळीपौर्णिमेचा नारळ तेथूनच समुद्राला अर्पण होतो आणि गणपती तेथेच बोळवले जातात. तेव्हा पुळण हे देवळाचे बाहेरचे अंगणच होय.

आपल्या बाजूच्या बहुतेक पुळणी दोन डोंगरांच्या टोकांमध्ये धरलेल्या आहेत. ओंजळीत धान्य धरावे तशी त्यांत वाळू धरलेली असते. ही वाळू काही नद्या-खाड्यांनी वरून आणलेली, काही शिंपल्यांचा चुरा होऊन झालेली. तिचा साठा मर्यादित आहे. मृग लागला की मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात. पुढे येणाऱ्या लाटा त्या दांड्यावर फुटतात आणि त्यांचा जोर तेथेच निम्मा होतो. पावसाळा सरला, समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. कार्तिकापासून चैत्र-वैशाखापर्यंत पुळण पुन्हा भरते. म्हणजे आषाढात पुळण खचलेली दिसली तर तेवढ्यावरून समुद्र गाव खाणार असे मानण्याचे कारण नाही. काळजीची गोष्ट वेगळी आहे. आषाढात गेलेली वाळू वैशाखापर्यंत पुरती परत आली नाही, आणि असे वर्षामागून वर्ष होऊ लागले, तर मात्र पुळणीच्या ठेवीतून रक्कम कमी होऊ लागली असे समजावे.

जुन्या लोकांना हे सारे न शिकता माहीत होते. त्यांनी घरे आत बांधली. पुळणीच्या माथ्यावर केवडा, उंडी, करंज, भेंडी राहू दिली. उंडीच्या बियांचे उंडेल तेल देवळातल्या दिव्यांना झाले. सर्वांत पुढे वाळूवर पसरणारी जांभळ्या फुलांची वेल, तिला आपण मर्यादवेल म्हणतो. समुद्राची मर्यादा दाखविणारी ती मर्यादवेल. ती उडती वाळू धरते आणि उंचवटा तयार करते. उधाणाच्या लाटेला तोंड देणारा पहिला पहारेकरी तो उंचवटा. नाव ठेवणाऱ्याने किती विचार केला असेल हे पाहावे!

दप्तरातील जुना उपाय

समुद्राने जमीन नेली तर सरकार काय करीत असे? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. सन १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात अशी तरतूद होती की, जमिनीचा काही भाग पाण्याने वाहून गेला तर खातेदारास तेवढ्यापुरता सारा कमी करून मिळावा. सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ती तरतूद कायम राहिली. उलट पाण्याने नवी मळईची जमीन तयार झाली तर तिचे काय करावे, याचेही नियम त्यात आहेत. भरतीच्या रेषेखालील समुद्राचा व खाड्यांचा तळ सरकारच्या मालकीचा, हेही संहितेत स्पष्ट आहे.

म्हणजे फार काळपर्यंत सरकारचा उपाय एवढाच होता: गेलेली जमीन वहीतून कमी करावयाची. त्यातही व्यवहारात गंमत अशी की, पुष्कळ खातेदार अर्जच करीत नाहीत. बापजाद्यांची जमीन कागदावरून तरी जाऊ नये अशी भावना असते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांत सातबाऱ्यावर माड, वाडी आणि आकार सारे असते, आणि जागेवर जाऊन पाहावे तर पाणी! सारा माफ झाल्याने जमीन परत येत नाही, आणि सारा भरल्यानेही येत नाही.

बांध घालण्याची विद्या मात्र आपल्या लोकांना पूर्वीपासून अवगत होती. कुलाबा, म्हणजे सध्याच्या रायगड जिल्ह्यात, खाडीकाठच्या खारट जमिनी बांध घालून भाताखाली आणण्याची रीत जुनी आहे. तेथील शिलोत्री गावांत बांधाची देखभाल करण्याची जबाबदारी ठरलेली असे. बांध फुटला की घरटी माणूस हजर होई. पुढे सन १९४८ मध्ये खार जमिनींसाठी मुंबई सरकारने स्वतंत्र कायदा केला आणि सन १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला. या बांधांनी हजारो कुटुंबांना भात दिले, हे निर्विवाद आहे.

परंतु यातून एक समजूत रुजली की, पाणी अडवायचे तर बांध घालावा, मग ते पाणी खाडीचे असो की उघड्या समुद्राचे. खाडीतले पाणी चढते आणि उतरते. ते बांधाला सावकाश टेकते. उघड्या समुद्राची लाट येऊन आपटते आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. एकाच्या उपायाने दुसऱ्याचा रोग बरा होत नाही.

दगडी बंधाऱ्यांचा काळ

स्वातंत्र्यानंतर किनाऱ्याची धूप हा सरकारी कामाचा विषय झाला. केरळात धुपीने फार नुकसान होऊ लागले तेव्हा केंद्र सरकारने सन १९६६ मध्ये समुद्रकिनारा धूप मंडळ नेमले. पुढे त्याचे काम साऱ्या देशाच्या किनाऱ्यासाठी वाढविण्यात आले, आणि सन १९९५ मध्ये त्याच्या जागी किनारा संरक्षण व विकास सल्लागार समिती आली. महाराष्ट्रात हे काम बंदरे खात्याकडे, लोकांच्या बोलीत पतन विभागाकडे, होते. सन १९९६ मध्ये महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले. संकल्पचित्रांसाठी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा सल्ला घेतात. सन १९१६ पासूनच्या या संस्थेत बंदरांच्या व किनाऱ्यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांवर लाटा सोडून पाहतात.

या काळात उपाय म्हणजे मुख्यतः दगडी बंधारा. त्याला धूप प्रतिबंधक बंधारा असे नाव पडले. मालवण तालुक्यातील देवबाग गाव एका अंगाला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेला आहे. पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या कोळी बांधवांच्या घरांत उधाणाचे पाणी शिरते. अशा ठिकाणी माणसाचा जीव आणि घरदार वाचविण्यासाठी बंधारे मागितले गेले व झाले. त्यात कोणाचे चुकले असे म्हणता येणार नाही. पाणी उंबऱ्याला लागले असता कोणीही प्रथम दगडच शोधील.

मुंबईस जाऊन आलेल्या प्रत्येकाने मरीन ड्राइव्हच्या कठड्याबाहेर पडलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे पाहिलेले आहेत. त्यांना टेट्रापॉड म्हणतात. सन १९५० मध्ये फ्रान्समधील इंजिनियरांनी ही युक्ती काढली. हे ठोकळे एकमेकांत अडकून बसतात आणि फटींमधून लाटेचे पाणी फुटून तिचा जोर मोडतो. मुंबईला त्यांचा उपयोग झाला, कारण तेथे समुद्र हटवून केलेला रस्ता आणि इमारती राखावयाच्या होत्या. त्या जागी रापण लावायची नव्हती.

बंधाऱ्याचा गुण-दोष येथे नीट समजून घ्यावा. बंधारा आपल्या मागची जमीन राखतो. पुढची पुळण राखणे त्याच्या हाती नसते. उतरत्या वाळूवर लाट चढत चढत दमते. उभ्या दगडावर ती आपटते आणि उलटून पायाशी खणते. पायाची वाळू गेली की दगड खाली बसतात. मग वरून आणखी दगड टाकावे लागतात. बंधारा जेथे संपतो तेथे शेजारच्या उघड्या जमिनीला धूप अधिक लागते, मग शेजारचा वाडा बंधारा मागतो. अशा रीतीने बंधारा पुढे पुढे सरकत जातो आणि पुळण मागे मागे राहते.

हा अनुभव साऱ्या जगाचा आहे. अमेरिकेत गॅल्व्हेस्टन नावाच्या बेटावरील शहरात ८ सप्टेंबर १९०० रोजी वादळ होऊन सहा हजारांवर माणसे मेली. तेथील लोकांनी सन १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून लांब भिंत बांधली. शहर वाचले, पण भिंतीपुढची पुळण ओसरत गेली आणि पुढे बाहेरून वाळू आणून टाकण्याची पाळी आली. आपल्याकडे मद्रास बंदराचे धक्के एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रात घालण्यात आले. पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकंदरीने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. धक्क्याने ती अडली. दक्षिणेस प्रसिद्ध मरीना पुळण रुंद झाली, उत्तरेस रायपुरमच्या बाजूस समुद्र घरांवर आला. जवळचे उदाहरण मंगळूरचे. नेत्रावती-गुरुपूर नद्यांच्या मुखाशी सन १९९४ मध्ये लाटारोधक धक्के झाले आणि दक्षिणेकडील उळ्ळालच्या किनाऱ्याला मोठी धूप लागली. एका गावाला दिलेली वाळू दुसऱ्या गावाच्या वाट्यातून येते, हा या इतिहासातला मोठा धडा होय.

वाळू परत देण्याचे प्रयत्न

जेथे पुळणच राखावयाची होती, तेथे पुढे लोकांनी वाट बदलली. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्ट नावाचे शहर पुळणीवर येणाऱ्या प्रवाशांच्या जिवावर चालते. शेजारच्या ट्वीड नदीच्या मुखाशी सन १९६२ ते १९६४ मध्ये लांबविलेल्या भिंतींनी वाळू अडली, आणि सन १९६७ च्या ओळीने आलेल्या वादळांनी किनारा खरवडून काढला. तेथील नगरपालिकेने हॉलंडच्या तज्ज्ञांना बोलाविले. त्यांच्या सल्ल्याने दगडी भिंत बांधली ती सर्वांत शेवटची फळी म्हणून, वाळूखाली झाकून. आणि पुढची पुळण वाळू टाकून भरली. सन २००१ पासून ट्वीडच्या दक्षिणेस अडलेली वाळू नळांतून पंपाने नदीपलीकडे पोहोचविली जाते.

हॉलंड देशाची कथा तर आपल्या शिलोत्री गावांची आठवण करून देणारी आहे. बांध व पाणी यांची व्यवस्था पाहणारी लोकांची मंडळे तेथे सातशे वर्षांहून जुनी आहेत. सन १९९० मध्ये त्या देशाने धोरण ठरविले की, किनाऱ्याची रेषा वाळू टाकून जागेवर राखावयाची. दरवर्षी किनारा मोजतात आणि जेथे रेषा मागे गेली तेथे वाळू घालतात. सन २०११ मध्ये एका ठिकाणी सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा ढीग घातला आणि ती पसरविण्याचे काम वारा-लाटांवर सोपविले.

आपल्या देशातही असे प्रयत्न आहेत. विशाखापट्टणमला बंदराच्या धक्क्यापाशी साठणारी वाळू काढून शहराच्या पुळणीवर टाकतात. पुदुच्चेरीला सन १९८० नंतरच्या दशकात बंदराचे धक्के झाले, उत्तरेकडे वाळू जाईना आणि गावाची पुळण नाहीशी होऊन दगडांची रांग तेवढी उरली. सन २०१८ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी तेथे पाण्याखाली पोलादी पेटीचा कृत्रिम खडक बसविला व वाळू टाकली. लाटा त्या खडकावर फुटू लागल्या आणि काही वर्षांतच लोक पुन्हा वाळूवर चालू लागले.

आपल्या रत्नागिरीजवळच्या मिऱ्याची गोष्ट तर पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. तेथला जुना दगडी बंधारा पावसाळ्यात ढासळावयाचा आणि पुन्हा दगड टाकावयाचे, असे अनेक वर्षे चालले. सन २०१० मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र व कर्नाटकातील किनारा संरक्षणाची योजना मंजूर झाली. त्यात उळ्ळालबरोबर मिऱ्याच्या उपसागराचाही समावेश होता. पाण्याखाली कृत्रिम खडक घालून लाटांचा जोर तोडावा आणि पुळण सांभाळावी असा तिचा रोख होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागले आणि पुढे अनेक वर्षे तेथेच पडून होते. त्यानंतर तेथे दगडांचा व टेट्रापॉडचा नवा बंधारा मोठ्या खर्चाने हाती घेण्यात आला. एवढ्या अनुभवी, जिल्ह्याच्या मुख्य शहराला लागून असलेल्या जागी ही यातायात, तर लहान गावाने किती विचार करून पाऊल टाकावे, हे वेगळे सांगावयास नको.

कायद्याचे कुंपण

सन १९८१ मध्ये पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा राखावा असे कळविले. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ती सन २०११ मध्ये आणि पुन्हा सन २०१९ मध्ये सुधारण्यात आली. सीआरझेड म्हणून आपण तिला ओळखतो, आणि खरे सांगायचे तर तिच्यावर रागही धरतो. घराचे छप्पर वाढवायचे तरी परवानगी, संडास बांधायचा तरी परवानगी, ही लोकांची तक्रार खोटी नाही. सन २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची तरतूद झाली. विरळ वस्तीच्या भागास मात्र २०० मीटर कायम राहिले.

परंतु या कायद्याच्या मुळाशी काय आहे ते पाहावे. पुळणीला पुढे-मागे होण्यास जागा लागते. ती जागा आपण घरांनी, हॉटेलांनी, कुंपणांनी व्यापली की आषाढातली नेहमीची खचसुद्धा संकट वाटू लागते, आणि मग दगड मागावे लागतात. आपल्या वाडवडिलांनी घरे आत बांधून जे केले, तेच कायद्याने अधिसूचनेच्या भाषेत सांगितले आहे.

वाळूचेही तसेच. वाळू हे गौण खनिज. परवान्याशिवाय ती काढली तर जमीन महसूल संहितेप्रमाणे बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होते. खाडीत हातपाटीने बुडी मारून वाळू काढणारा गरीब आणि रात्री पंप लावून खाडी उपसणारा, यांत फरक आहे. खाडीतून पुळणीकडे येणारी वाळू वरच्या वर गेली तर पुळणीची ठेव भरणार कशाने? आपल्या जीर्णोद्धार समितीने देवळाच्या कामासाठी परवान्याची वाळू पावतीने आणली आणि पुढ्यातल्या पुळणीवरची एक पाटीही उचलली नाही, ही गोष्ट देणगीदारांस आवर्जून सांगण्यासारखी आहे. देवाच्या कामाला देवाच्या अंगणातली माती खणली नाही!

केंद्र सरकारच्या किनारा संशोधन केंद्राने सन १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून देशाचा किनारा तपासला. त्यात देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे ३३.६ टक्के भाग धुपणारा आढळला. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २५.५ टक्के आहे. जवळजवळ पासष्ट टक्के किनारा स्थिर आहे. म्हणजे आपल्या राज्यात राखण्यासारखे अजून पुष्कळ आहे. पंधराव्या वित्त आयोगाने सन २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी नद्यांच्या व समुद्राच्या धुपीविरुद्ध आणि विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र रक्कम सुचविली. धूप ही आपत्ती म्हणून ओळखली गेली, हे त्यातले महत्त्वाचे.

गावाच्या हातातील कामे

आता राहिला प्रश्न, आपण काय करावे? मी इंजिनियर नाही, त्यामुळे बंधारा घ्या किंवा घेऊ नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु कचेरीतल्या अनुभवावरून काही सूचना नम्रपणे करतो.

पहिली गोष्ट मोजणीची. धुपीचा अर्ज घेऊन गावकरी येतात तेव्हा अर्जात असते, “समुद्र फार पुढे आला आहे.” साहेब विचारतात, “किती आला? कधीपासून?” अर्जदार एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. जे कागदावर नाही ते कचेरीत नाही, हा आमच्या धंद्याचा नियम समजा. आता आपल्या देवळाचे नवे काळ्या दगडाचे जोते झाले आहे. ते हलणारे नाही. त्या जोत्याच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंतचे अंतर वर्षातून दोन वेळा मोजावे: एकदा वैशाखी पौर्णिमेच्या उधाणाला, पुळण पुरती भरलेली असते तेव्हा, आणि एकदा नारळीपौर्णिमेला, गाव जमलेलाच असतो तेव्हा. पुळणीच्या दोन टोकांनाही अशाच खुणा ठरवाव्यात. शाळेतील मुलांनी साखळी धरावी, ग्रामसेवकांनी नोंदवहीत आकडा लिहावा, सरपंच व दोन मानकऱ्यांनी सही करावी. यास खर्च काही नाही. दहा वर्षांनी त्या वहीसारखा पुरावा साऱ्या तालुक्यात सापडणार नाही. हॉलंडचे लोक जे करतात त्याचे मूळ एवढेच आहे.

दुसरी गोष्ट झाडांची. निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगर-श्रीवर्धनकडे, सुरू, माड आणि पोफळी आडव्या झाल्या. सुरू लवकर वाढतो आणि वारा अडवितो, हे खरे. पण एकट्या सुरूवर भिस्त ठेवू नये. पुढे मर्यादवेल, तिच्यामागे केवडा, मग उंडी-करंज-भेंडी अशी जुनी रांग पुन्हा लावावी. पुळण स्वच्छ करण्याच्या उत्साहात मर्यादवेल उपटून टाकली जाते, ते थांबवावे. वेलीवरून गाड्या फिरविणे तर मुळीच होऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट, दुसऱ्यांकडून शिकण्याची. मंडणगड तालुक्यातील वेळास गावात सन २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. कासविणीला अंडी घालण्यास मोकळी वाळू लागते. आज दूरदूरचे लोक त्या लहान गावी पिल्ले पाहण्यास येतात, ग्रामस्थांच्या घरी उतरतात आणि गावात दोन पैसे येतात. राखलेली पुळण अशी फळ देते.

चौथी गोष्ट मागणीची. मोजणीत खरोखर असे दिसले की वाळू परत येत नाही, तर ग्रामसभेचा ठराव जरूर करावा. मात्र ठरावात “दगडी बंधारा बांधून मिळावा” एवढेच लिहू नये. प्रथम किनाऱ्याची तज्ज्ञांकडून पाहणी व्हावी, वाळू का जात आहे याचे कारण शोधावे, पुळण शिल्लक राहील असा उपाय सुचवावा, होड्या व रापण यांस वाट ठेवावी आणि शेजारच्या गावावर काय परिणाम होईल हेही सांगावे, असे स्पष्ट मागावे. बंधाऱ्याशिवाय गत्यंतर नसेल तर घरे ज्या भागात धोक्यात आहेत तेवढ्यापुरताच तो असावा. त्या ठरावाला मोजणीची वही जोडावी. असा अर्ज साहेबांना बाजूला ठेवता येत नाही, एवढे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

ग्रामस्थ बंधु-भगिनींनो, देऊळ आपण दगडाने बांधले. ते आपल्या हातात होते. पुळण बांधता येत नाही, ती राखावी लागते. तिची वाळू न नेणे, तिची वेल न उपटणे, तिच्या माथ्यावर बांधकाम न करणे आणि तिची नोंद ठेवणे, एवढी चार व्रते गावाने घेतली तर समुद्र आणि देऊळ यांच्यामध्ये पुळण पुढच्या पिढीलाही दिसेल. तिच्यावरून पालखी जाईल, रापणीचा दोर दोन्ही टोकांनी ओढला जाईल. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया खऱ्या अर्थाने टिकला असे तेव्हाच म्हणता येईल.

पहिली मोजणी येत्या नारळीपौर्णिमेसच व्हावी, अशी श्री ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना आहे.

— तालुका कचेरीतील एक ग्रामस्थ